घरी न आढळणारा चष्मेवाला

सदर इसम: वय चव्वेचाळीस, अविवाहित, चष्म्याच्या काचा घासण्यात निष्णात, दुकान बंद पडल्याने दिवसभर घरी. त्याच्या नावाच्या पाकिटावर पोस्टाचा शेरा: तीन वेळा घरी आढळला नाही.

पाकिटात दवाखान्यातल्या नोकरीचं पत्र होतं. सोमवारी ते दाखवलं तरच रुजू व्हायचं होतं, आणि पाकीट उद्या परत जाणार होतं.

"माणूस घरी नव्हता," पोस्टाच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"तो माणूस मीच. दिवसभर दाराकडे डोळे लावून बसतो."

"मग दार उघडत चला."

संध्याकाळी सहाला तो नेहमीसारखा पळायला निघाला, आज जरा रागानेच. चौकात रोजचा सायकलवाला पोस्टमन दिसला. चार वर्षं दोघं एकमेकांना नुसता हात करत आले होते.

"आज तोंड का उतरलंय?" पोस्टमनने विचारलं.

"एक पाकीट मिळेना." त्याने पत्ता सांगितला.

पोस्टमन सायकलवरून उतरला. "तो चष्मेवाला तुम्ही? अहो, तुमच्याकडेच निघालोय. रोज सव्वासहाला कुलूप बघून परत येतो."

खांबाला वही टेकवून चष्मेवाल्याने सही केली. पाकीट हातात आलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

पोस्टमनने नोंद केली: राहत्या घरी सुपूर्द. घर तिथून दीड किलोमीटर होतं.