माझा रग्बीवाला आतेभाऊ

उभ्या नागपुरात दारातून सरळ न शिरणारा माणूस एकच झाला, तो माझा आतेभाऊ. दार उघडं असो की लोटलेलं, उजवा खांदा खाली घालून, मान आखडून, जणू समोर पंधरा माणसं वाट अडवून उभी आहेत अशा बेतानं तो आत यायचा. ही सत्तर सालाच्या आसपासची गोष्ट. कलकत्त्याच्या एका चहा कंपनीत तो नावाला कारकून होता. पगार मिळायचा तो कंपनीच्या संघातून रग्बी खेळण्याचा. हा खेळ नागपुरातल्या आमच्या गांधीबागेत कुणी पाहिला नव्हता. चेंडू पपईसारखा लांबट, तो घेऊन पळायचं पुढे, पण हातानं फेकायचा मात्र मागे, हे तो इतक्या तळमळीनं समजावून सांगे की ऐकणाऱ्याला त्याचीच काळजी वाटू लागे. सुट्टीवर आला की वडिलांच्या कापडदुकानातल्या गाठी खांद्यानं रेटून सराव करी, त्यामुळे हमाल त्याच्यावर खूश असत. एका लग्नात कुणीतरी त्याच्या हाती टरबूज दिलं. ते बगलेत मारून हा चार पावलं पळाला आणि न बघता मागे फेकून मोकळा झाला. मागे नवरदेवाचे मामा होते. टरबूज त्यांच्या अंगावर फुटल्यावर यानं त्यांनाच समजावलं, की चूक झेलणाऱ्याची आहे.

एकदा मात्र तो मोडकं नाक घेऊन आला आणि आत्यानं हाय खाल्ली. नोकरी सोड आणि वडिलांशेजारी दुकानाच्या गादीवर बस, एवढंच ती म्हणत राहिली. शेवटी असं ठरलं, की त्याचा संघ कामठीच्या छावणीत जवानांशी खेळायला येणार आहे, तो सामना तिनं पाहायचा. तिला पटलं नाही, तर राजीनामा.

आत्याला मीच घेऊन गेलो. पहिल्या पाच मिनिटांत सात-आठ जवान त्याच्यावर कोसळले आणि मी उठेपर्यंत आत्या मैदानात पोचलीही. शिट्टी वाजली. तिनं पंचांना अगदी शांतपणे विचारलं, "माह्या पोराले काहून दाबून राहिले गा?" पंच दक्षिणेकडचे, त्यांना अक्षर कळलं नाही, पण ते दोन पावलं मागे सरले. ढिगातल्या सगळ्यात धिप्पाड जवानानं भावाला हात देऊन उठवलं, त्याच्या पाठीवरची माती झटकली आणि मग आत्याला अदबीनं खुर्चीवर आणून बसवलं.

सामना भावाचा संघ हरला. परतीच्या बसमध्ये भाऊ फुटका ओठ घेऊन समोर बसला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच काही समजावून सांगत नव्हता. नागपुरात शिरताना इंदोऱ्याचा थांबा आल्यावर आत्या म्हणाली, "ज्यानं पाडलं, त्यानंच उठवलं तुले. जाय, खेळ. नाक सांभाळजो."

दुसऱ्या दिवशी तो कलकत्त्याला गेला. दुकानातली त्याची जागा काही महिने रिकामी राहिली, मग ती मला मिळाली. धंदा बरा चालला, तक्रार नाही. त्याची पत्रं दुकानाच्या पत्त्यावर येत, कधी जिंकल्याची, कधी बरगडी मोडल्याची, आणि मी ती आत्याला वाचून दाखवी. पत्राची घडी घालताना कधी मनात येई, की तुला काय व्हायचंय असं मला कुणी विचारलंच नाही. आणि विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.