वळणावरचा दरवाजा

काल सेटवर ओल्या चुन्याचा वास आला आणि मी थेट सोलापूरच्या किल्ल्यात पोचले. आज मी सिनेमांसाठी किल्ले उभारते. तेव्हा सहावीत होते. आमच्याकडे किल्ला म्हणजे बाग, रविवारी भेळ खायची जागा. तटाकडे कुणी बघायचं नाही.

अशाच एका रविवारच्या आदल्या दिवशी दादाच्या कॉम्प्युटरवर गेममधल्या हत्तींनी माझ्या किल्ल्याचा दरवाजा फोडला होता. तो राग घेऊनच मी खऱ्या दरवाजापुढे थांबले. तिथं डागडुजीचा चुना कालवलेला होता. वाट सरळ आत जातच नव्हती. दारापाशी येऊन वळत होती. हत्तीला धावायला जागाच नाही!

"अगं, हितं काय उभारलीस? झोका मोकळा झालाय की," मावशी म्हणाली.

"मावशी, माझी वाट सरळ होती, म्हणून मी हरले!"

"मग वाकडी कर की," म्हणत तिनं भेळेचा पुडा हातात दिला.

संध्याकाळी गेममधली वाट वळवली आणि मी जिंकले. मग खरे किल्ले कसे लढले, हे वाचत सुटले ते आजपर्यंत.

काल दिग्दर्शक म्हणाले, "मॅडम, ही वाट सरळ करा. घोडे दौडत आत यायला हवेत, वळणावर अडतील."

"अडू देत की," मी म्हटलं. "दरवाजा त्यासाठीच असतो."