सुनेत्राने स्वतःचा अर्ज भरला

सुनेत्रा कारखानीसचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकते. आमची जुनी मैत्री आहे. इथे परदेशात आम्ही चोआ चू कांगला एकाच ब्लॉकमध्ये राहतो, ती सातव्या मजल्यावर, मी अकराव्या. तिच्यासारखं डोकं आमच्या अख्ख्या मंडळात कुणाला नाही. पण त्या डोक्याचा उपयोग तिने कधी स्वतःसाठी केला असेल तर शपथ!

मंडळ म्हणजे स्नेहवर्धिनी मराठी मंडळ. शे-सव्वाशे घरं असतील. गणपती, कोजागरी, वर्षाला एक नाटक आणि दर दोन वर्षांनी निवडणूक. बाहेरच्या माणसाला हसू येईल, पण त्या अध्यक्षपदासाठी आमची शिकलीसवरलेली, बँकांत आणि आयटीत मोठ्या पगारावर असलेली पुरुषमंडळी अशी भांडतात की विचारू नका. बायकांनी त्यात पडायचं नाही. बायकांसाठी रांगोळी आहे, हॉलची सजावट आहे आणि वाढप आहे.

दोन हजार अकरा साली दीनानाथकाकांसमोर पहिल्यांदाच कुणीतरी उभं राहिलं. काका बँकेतून निवृत्त झालेले, शहराच्या दुसऱ्या टोकाला हौगांगला राहणारे, मंडळ म्हणजे आपलं घरच अशा थाटात वावरणारे. ते घाबरून सुनेत्राच्या घरी आले. सुनेत्राकडे नव्हे हं, तिच्या नवऱ्याकडे, निशिकांतकडे. म्हणाले, प्रचाराचं तू बघ. निशिकांत हा देवमाणूस, कुणाला नाही म्हणत नाही आणि कुणाचं काही करतही नाही. तो हो म्हणाला आणि विसरून गेला. चार दिवसांनी काकांचा फोन आला तेव्हा तो सुनेत्राने घेतला. तिथून हे सगळं सुरू झालं.

ती वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगची टीम सांभाळते. दुसऱ्याच्या कामात कुठे गडबड आहे ते शोधणं हाच तिचा धंदा. तिने मागच्या निवडणुकीला कोण आलं नव्हतं ते विचारलं, आणि का आलं नव्हतं तेही विचारलं. पुरुषांना वाटत होतं, मतं भाषणावर मिळतात. सुनेत्रा म्हणाली, माणूस हॉलपर्यंत पोचला तर मत मिळतं. हॉल काकांच्या सोयीने कायम हौगांगचा. आमच्या शहराच्या पश्चिमेकडच्या लोकांनी रविवारी सकाळी दोनदा एमआरटी, म्हणजे मेट्रो, बदलून तिथे जायचं कशाला? तिने गाड्या ठरवल्या. कुणाची गाडी कुठून निघेल, कुणाचं कुणाशी वाकडं आहे आणि म्हणून कोण कुणाशेजारी बसणार नाही, सगळं तिला पाठ. आधी जेवण आणि मग मतदान अशी पद्धत होती. लोक जेवायचे आणि डुलक्या काढायला घरी जायचे. तिने जेवण मतमोजणीनंतर ठेवायला लावलं. काका दणदणीत निवडून आले.

आभाराच्या भाषणात काकांनी निशिकांतचे आभार मानले, हॉलवाल्यांचे मानले, माइकवाल्याचे मानले, आणि सुनेत्राचे मानले ते उत्तम कोथिंबीर वड्यांबद्दल. अहो, त्या वड्या मी केल्या होत्या! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुनेत्रा हसत होती. "जाऊ दे गं नीता, निवडून आले ना?"

तेरा साली काकांनी विक्रांतला पुढे केलं. विक्रांत मूळचा पुण्याचा, आयटीत मॅनेजर, बोलायला गोड आणि कामात अळंटळं करणारा. त्याचं भाषण तिने लिहिलं, गाड्या तिने ठरवल्या, रुसलेल्यांच्या घरी ती गेली. विक्रांत आला निवडून. पंधरा साली पुन्हा तेच. तेव्हा तर या राजाने सभासदत्वाचं नूतनीकरणच केलं नव्हतं. अर्ज बाद व्हायची वेळ आली. सुनेत्राने आपल्याकडच्या निवडणुकांसारखा स्वतःच्या नावाने एक डमी अर्ज आधीच भरून ठेवला होता, म्हणजे खरा उमेदवार अडकला तर जागा हातची जाऊ नये. शेवटी विक्रांतचं निस्तरलं आणि डमी मागे घेतला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. मी सांगून सांगून थकले की अगं बाई, तू स्वतः उभी राहा. ती म्हणायची, मला नाही जमत ते खुर्चीत बसणं.

मग ते मराठीच्या वर्गाचं झालं. इथली आमची मुलं घरी आजीशीसुद्धा इंग्रजीत बोलतात. सुनेत्रा दर शनिवारी त्यांना वाचायला शिकवायची, मंडळाच्या खोलीत. सतराच्या सुरुवातीला विक्रांतने ती खोली क्रिकेटवाल्यांच्या बैठकीला देऊन टाकली. सुनेत्रा मुलांना घेऊन ब्लॉकच्या खाली, मोकळ्या व्हॉइड डेकवर चटया टाकून बसली. वर कुणाच्या वाढदिवसाची गाणी, बाजूला सायकली, आणि मधे ही बाराखडी शिकवते आहे. तिने विक्रांतला तीनदा विचारलं. त्याने तीनदा 'बघू' म्हटलं. मुलं एकेक करून यायची बंद झाली. आठच उरली तेव्हा सुनेत्राने कुणाला न सांगता अध्यक्षपदाचा अर्ज भरला. मला कळलं तेव्हा मी तिला जिन्यातच मिठी मारली.

पुढच्या शनिवारी काका आणि विक्रांत तिच्याकडे आले. मी तिथेच होते. मला वाटलं, आले समजूत काढायला. आमच्याकडे ती एक रीत आहेच, कटुता नको म्हणून बिनविरोध करायचं, आणि माघार कुणी घ्यायची ते आधीच ठरलेलं असतं. मी भांडायच्या तयारीने बसले. पण हे दोघं खुशीत. चहा झाला, चिवडा झाला. मग विक्रांत म्हणाला, "वहिनी, तुम्ही याही वेळी आठवणीने डमी अर्ज भरलात, मानलं तुम्हाला. आता माझा मंजूर झालाय, तुमचा मागे घेऊन टाका. गाड्यांचं कधी बसायचं?"

मी कपाळावर हात मारला. यांना ती उभी आहे हे खरंच वाटलं नव्हतं. विरोध करावा इतकंही वाटलं नव्हतं.

सुनेत्राने कप खाली ठेवला. "डमी नाही तो, विक्रांत. मी उभी आहे."

काकांनी एकदा निशिकांतकडे पाहिलं, तो पंख्याकडे बघत होता. मग काका अगदी मनापासून, काळजीने म्हणाले, "अगं, पण मग विक्रांतचं काम कोण बघणार?"

मी तिथून उठले नसते तर तोंडातून काय गेलं असतं सांगता येत नाही.

पण पुढचे तीन आठवडे मला काकांपेक्षा सुनेत्राचाच जास्त राग आला. ही बाई दुसऱ्यासाठी दगडाला पाझर फोडेल, पण स्वतःसाठी तोंड उघडेना. फोन लावायची. कुणाच्या सासूचा गुडघा, कुणाच्या मुलाची परीक्षा, इथे कायम राहायला मिळावं म्हणून केलेल्या कुणाच्या पीआरच्या अर्जाचं काय झालं, सगळं विचारायची, रविवारी गाडी कुठे येईल ते सांगायची आणि ठेवून द्यायची. मी विचारलं, मत मागितलंस? तर म्हणे, त्यांना कळतंच की. कसं कळणार? त्यांना वाटायचं ही नेहमीप्रमाणे विक्रांतसाठीच फोन करते आहे! काही जण तर सांगायचेही, हो हो, विक्रांतलाच देणार. आणि ही त्यांना 'बरं' म्हणायची. तिची मुलगी चैत्राली, सेकंडरीत शिकणारी, एकदा वैतागून इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली, "आई, जस्ट आस्क लाह." सुनेत्रा म्हणाली, स्वतःसाठी मागायला बरं नाही वाटत गं. मी तिला सुनावलं, भीड ही भिकेची बहीण. मी हात टेकले.

मतदानाच्या रविवारी तिने ठरवलेल्या गाड्यांतून विक्रांतची माणसंसुद्धा आली. का, तर त्यातल्या एका आजोबांना एमआरटीचे सरकते जिने नकोत. बोलून उपयोग नव्हता.

मतदानाआधी दोघांनी बोलायचं होतं. आधी विक्रांत उठला. खिशातून कागद काढला आणि वाचायला लागला. दोन वाक्यं झाली आणि सुनेत्राने मान वर केली. तेरा सालचं भाषण होतं ते, तिने लिहिलेलं. या महाभागाला नवीन कुणी लिहून दिलं नाही, म्हणून त्याने जुनंच आणलं होतं. वाचनालय सुरू करू, आजी-आजोबांची सहल काढू, मुलांच्या मराठी वर्गाला हक्काची खोली देऊ. शब्द न् शब्द तोच. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुनेत्रा माइकपाशी गेली. हातात कागद नव्हता. मला वाटलं, आता ही गाड्यांच्या परतीच्या वेळा सांगून खाली बसणार.

"आत्ता वाचलेलं भाषण माझं आहे," ती म्हणाली. "चार वर्षांपूर्वी मी विक्रांतला लिहून दिलं होतं. वाचनालय झालं नाही. सहल झाली नाही. मराठीचा वर्ग व्हॉइड डेकवर बसतो. मी हे सगळं लिहिलं, कारण मला ते करायचं होतं. दुसऱ्याच्या तोंडी घालत बसले ही माझी चूक." मग ती थांबली. तिचा आवाज कापत होता. मी खुर्चीची कड धरून बसले होते. "मला मत द्या. मी मागते आहे. मला द्या."

आणि मग माणसं मतपेटीकडे गेली.

ती अकरा मतांनी निवडून आली. मी रडले, चैत्राली रडली, निशिकांतच्याही डोळ्यांत पाणी होतं. हार आणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. काका उठले. हरल्याचं वाईट वाटलेलं दिसत होतं, पण माणूस मोठ्या मनाचा. ते सगळ्यांदेखत हात पुढे करून आले, सुनेत्राच्या शेजारून सरळ पुढे गेले आणि निशिकांतचा हात हातात घेऊन म्हणाले, "शाब्बास रे! बायकोला निवडून आणलंस. प्रचार असा करावा."

निशिकांतने आयुष्यात पहिल्यांदा कुणालातरी नाही म्हटलं. म्हणाला, "काका, मी काहीच केलं नाही. सकाळपासून पार्किंगच शोधत होतो."

काका हसले. विनय वाटला त्यांना तो.

सुनेत्रा परत माइकपाशी गेली. या वेळी आवाज कापत नव्हता. "काका, अकरा साली तुम्हाला मी निवडून आणलं. तेराला आणि पंधराला विक्रांतला मी निवडून आणलं. आणि आज मला मीच निवडून आणलं. तुमचा हात इकडे द्या."

काकांना समजायला वेळ लागला. त्यांनी निशिकांतचा हात सोडला, चार पावलं मागे आले आणि तिच्यासमोर हात धरला. तिने तो घेतला आणि लगेच सोडला नाही.