हौदाच्या कठड्यावरची सिगार

माझा मेव्हणा मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. वर्षातले सात-आठ महिने समुद्रावर आणि उरलेले कोल्हापुरात आमच्या घरी. येताना बहिणीसाठी अत्तर, साबण असलं काहीबाही आणायचा. नव्वदीच्या सुरुवातीला एकदा त्यानं माझ्या हातात लाकडाची एक चपटी पेटी ठेवली. आत पाच सिगार होत्या, बोटाएवढ्या जाड आणि तपकिरी. वास घेतला तर ओलं लाकूड, गूळ आणि जुनं चामडं, सगळं एकदम.

"दाजी, ही सिगारेटसारखी ओढायची नाही," तो म्हणाला. "धूर गिळायचा नाही. तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. तासभर तरी लागला पाहिजे."

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो. घर लिंगायत. गावाकडं शिरोळ तालुक्यात आमची नदीकाठची शेती, ती वडील बघायचे. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांनी कधी सुपारीचं खांडही तोंडात टाकलं नव्हतं. एकदा एका गड्यानं गोठ्याजवळ विडी पेटवली, तर त्याला हाक मारून त्यांनी शांतपणे सांगितलं, "उद्यापासनं यायचं न्हाय." आवाज चढवला नाही. त्यांच्या न चढलेल्या आवाजाची मला लहानपणापासून भीती. पस्तिशी आली तरी ती तसूभर कमी झाली नव्हती.

पहिली सिगार राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर दुपारी ओढली. चव बरी वाटली म्हणून जेवायच्या आधीच, उपाशी पोटी, भराभर निम्मी संपवली. एकाएकी कपाळाला गार घाम फुटला, छाती धडधडायला लागली, पायाखालची फरशी डुलायला लागली. मला वाटलं, आटोपलं आपलं. खाली बायको भाकरी थापत होती, तिला हाकही मारता येईना. मेव्हण्यानं माझा चेहरा बघितला, धावत कोपऱ्यावरच्या रसवंतीवर गेला आणि तांब्याभर उसाचा रस घेऊन आला. दोन ग्लास पोटात गेल्यावर पाव तासानं जग थांबलं.

"उपाशी पोटी ओढलीत होय?" तो हसत म्हणाला. मला हसू आलं नाही. त्या पाव तासात मी दोन्ही मुलींची लग्नं कोण लावणार, इथपर्यंत पोचलो होतो.

तरीही पुढच्या महिन्यात दुसरी पेटवली. यावेळी पोटभर जेवून आणि सावकाश. मग कळलं की सुरुवातीचा झणका संपला की मधल्या भागात चव उघडते. भाजलेल्या शेंगदाण्याची, कधी कॉफीची. शेवटाला ती कडू होते, तिथं सोडून द्यायची.

पुढची तीन-चार वर्षं मेव्हणा ज्या बंदराला लागेल तिथून काही ना काही आणत गेला. मी एका वहीत लिहून ठेवायचो, प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांसारखं. क्यूबाची, जिचं नाव जगभर, ती मला मानवली नाही. फार तिखट, मिरपूड खाल्ल्यासारखी. फिलिपाइन्सची मऊ, पण लवकर विझणारी. हॉलंडमधली बारीक, कोरडी, दहा मिनिटांत संपणारी. तमिळनाडूतला एक चिरूटही त्यानं आणला होता. तो दिसायला ओबडधोबड, पण प्रामाणिक. आणि मग एकदा ब्राझीलच्या काळ्या पानाची आली. जवळजवळ काळीच, तेलकट, जाडसर. ओढली आणि मी वहीत काही लिहिलंच नाही. काकवीचा गोडवा, त्याच्या मागं जळक्या लाकडाचा वास, आणि जिभेवर कडूपणाचा मागमूस नाही. ही माझी, असं ठरून गेलं.

तो चार आणायचा, मी वर्षभर पुरवायचो. उन्हाळ्यात वाळून तडकू नयेत म्हणून स्टीलच्या डब्यात ठेवायचो, सोबत मडक्याचं ओलं खापर.

ओढायची कुठं, हा प्रश्न होता. गच्चीवर समोरच्या घरातला माझाच विद्यार्थी दिसायचा. रंकाळ्यावर गावातलं कुणी ना कुणी भेटायचंच. म्हणून मी जागा शोधली ती थेट वाघाच्या गुहेत, अप्पांच्याच शेतात. रविवारी स्कूटरनं गावी जायचो. अप्पा दुपारी मठात प्रवचनाला जात, पाचच्या आत परतत नसत. आमच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं सिमेंटचा हौद होता, त्याच्या कठड्यावर मी बसायचो. समोर चार हातांवर शेजारच्या मामांचा ऊस. मामा नात्यातले नव्हेत, पण दोन पिढ्यांचा बांधाला बांध, म्हणून ते मामा आणि त्यांची बायको मामी. सिगार संपली की थोटूक हौदात टाकायचं. चुर्र असा आवाज आला की उठायचं.

त्या रविवारी जानेवारीची ऊन-थंडी होती. ऊस तोडणीला आलेला, खालचा पाला वाळून कडकडीत झालेला. माझ्याकडं काळ्या पानाची शेवटची उरली होती. अर्धी झाली असेल नसेल, तोच खोलीच्या पुढच्या अंगाला चपलांचा आवाज आला.

"मास्तर हाय का रं हितं?" अप्पा कुणाला तरी माझ्याबद्दल विचारत होते.

प्रवचन त्या दिवशी झालं नव्हतं. महाराज आजारी होते, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी फक्त एवढंच कळलं की माझ्या बोटात पेटती वस्तू आहे आणि अप्पा दहा पावलांवर आहेत. मी हात मागं नेला आणि सिगार फेकली. हौदाच्या दिशेनं. फेकली आणि उडी मारून पुढं आलो.

"काय करतोयस मागं?"

"काही नाही. पाणी बघत होतो."

त्यांनी नाक किंचित वर केलं. "चल, घराकडं पावणं आल्यात," म्हणाले, आणि मी त्यांच्यामागून निघालो. वाटेत मोटारीचा आवाज बंद पडला. लाईट गेली असेल, एवढंच मनात आलं. चुर्र असा आवाज आला होता का, हे आठवायचा प्रयत्न करत मी चालत होतो.

पाहुण्यांना चहा दिला. कप अजून त्यांच्या हातात होते. बाहेर कुणीतरी ओरडलं, "ऊस पेटलाय! नदीकडचा ऊस पेटलाय!"

मी दारात आलो. मोटारीच्या खोलीच्या दिशेनं काळा धूर वर चढत होता.

कसा धावलो ते आठवत नाही. एक चप्पल वाटेत गेली. जवळ गेल्यावर आधी आवाज आला, दिवाळीत माळ लावावी तशी उसाची कांडी फुटत होती. मग झळ. मामांचा ऊस बांधापासून आतपर्यंत पेटला होता आणि राखेचे काळे दोरे अंगावर पडत होते. लाईट नसल्यानं मोटार चालू होईना. लोक हौदातलं पाणी बादल्यांनी उपसत होते, उसाच्या शेंड्यांचं हिरवं वाडं तोडून ज्वाळांवर झोडपत होते. मीही एक जुडी घेतली आणि झोडपायला लागलो.

तेवढ्यात मामा आले. उघड्या अंगानं, डोळे मोठ्ठे करून.

"हिला बघितलं का कुणी?" ते प्रत्येकाला विचारत होते. "वैरणीला आत गेल्ती. बघितलं का कुणी?"

मामी आत होत्या.

माझ्या हातातली जुडी गळून पडली. मी तिथंच बांधावर बसलो. मनात एकच वाक्य फिरत होतं, मी मामीला मारलं. लोक नावानं हाका मारत होते. मामा आत घुसायला निघाले, चौघांनी त्यांना धरलं. ते सुटायला धडपडत होते आणि तोंडानं नुसतं "सोडा, सोडा" म्हणत होते. अप्पा त्यांच्यापुढं आडवे उभे राहिले होते. मी उठून सांगायला हवं होतं, की हे माझ्यामुळं झालं. मी उठलो नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मला तो माझ्या सगळ्या आयुष्याएवढा वाटला. मग पलीकडून, ओढ्याच्या अंगानं, कुणीतरी बोंब ठोकली, "हाय! हितं हाय!" मामी ओढ्यातून चालत आल्या. कमरेपर्यंत भिजलेल्या, लुगड्याचा काठ जळलेला, एका हाताला फोड आलेले, आणि दुसऱ्या हातात विळा तसाच. मामांनी त्यांना बघितलं आणि एकदम शिव्या द्यायला सुरुवात केली. शिव्या देता देताच ते रडायला लागले.

ऊस संध्याकाळपर्यंत जळला. आमचा वाचला, मामांचा पाऊण एकर गेला.

सगळे म्हणाले, विजेच्या तारांचं काम असणार. मी ऐकलं, पण मामींना काही विचारायला न थांबता घराकडं निघालो. दुसऱ्या दिवशी कॉलेजला रजा टाकली आणि उजाडताच हौदामागं गेलो. हौद तळापर्यंत उपसलेला होता. भोवती राख, चिखल आणि शेकडो पावलांचे ठसे. गुडघ्यावर बसून बोटांनी राख चाळली. हौदातला गाळ उपसून बघितला. थोटूक मिळालं नाही. पाण्यात पडलं असेल आणि बादलीतून गेलं असेल. किंवा वाळल्या पाल्यात पडलं असेल. दोन्ही तितकंच खरं वाटत होतं.

तीन दिवस मी गावीच राहिलो. जेवण जाईना. मळ्यात कुणी आलं की वाटायचं, मामांना कळलं. पोलिसांची गाडी डांबरी रस्त्यावरून सरळ पुढं गेली, तरी मी गोठ्यात जाऊन उभा राहिलो. डोळे मिटले की मामांचं "सोडा, सोडा" ऐकू यायचं. बायकोला फोन करून सांगावं म्हटलं, तर पोस्टात फोनभोवती चारजण उभे.

चौथ्या दिवशी सकाळी अप्पांची लिंगपूजा आटोपली. भस्म लावलेल्या कपाळानं ते सोप्यात आले आणि मी त्यांच्यापुढं उभा राहिलो.

"अप्पा, त्या दिवशी मी हौदामागं सिगार ओढत होतो. तुमचा आवाज ऐकून पेटती फेकली."

"काय वडत हुतास?"

"सिगार. विडीसारखीच, मोठी असते."

ते माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासनं यायचं न्हाय. त्यांनी खुंटीवरची टोपी घेतली.

"चल."

"कुठं?"

"ज्याचा ऊस त्याच्याकडं."

मामा जळका ऊस तोडत होते. जळलेला ऊस लवकर कारखान्याला गेला नाही तर वजन घटतं, म्हणून सगळं घर रानात होतं. सगळ्यांची तोंडं काजळीनं काळी. मामा कोयता हातात घेऊन सरळ उभे राहिले. अप्पांनी मला पुढं केलं. मी अप्पांना जे सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. सांगताना माझी नजर कोयत्यावर होती.

मामांनी मान वळवून मामींना हाक मारली, "ऐकलंस का, मास्तर काय म्हंतोय?"

मामी बांधावर बसून वाडं बांधत होत्या. हाताला फडकं गुंडाळलेलं.

"ऐकलं की," त्या म्हणाल्या. "येडा हाय. आरं बाबा, तुज्या विडीनं न्हाय पेटला. मी हुतो की तितं. वड्याकडच्या खांबावर चट्ट दिशी आवाज झाला आन तार खाली आली. माज्या डोळ्यांदेकत पाला पेटला. लाईट तवाच गेली न्हाय व्हय? वारं तिकडनं तुमच्याकडं हुतं. तुजी विडी काय वाऱ्याच्या उलटी धावत गेल्ती?"

मी रसायनशास्त्र शिकवणारा माणूस. बंद पडलेली मोटार मी कानांनी ऐकली होती. वारा माझ्या तोंडावर येत होता. तीन दिवसांत एकदाही ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भीतीनं डोक्यात दुसऱ्या कशाला जागाच ठेवली नव्हती. मला रडू आलं. मामी म्हणाल्या, "आता रडतोय कशाला? बस, वाडं बांधू लाग." मी बसलो आणि दुपारपर्यंत वाडं बांधत राहिलो. अप्पाही बांधत होते.

परतताना त्यांनी विचारलं, "मला भिऊन टाकलीस?"

"हो."

"आन मी काय खाणार हुतो व्हय तुला?"

ते पुढं चालत राहिले. नंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि शेतात सिगार मी कधी ओढली नाही.

दोन वर्षं मी हातच लावला नाही. मेव्हणा आणायचा, मी त्याच्याच बॅगेत परत ठेवायचो. पुढं त्यानं जहाज सोडलं. दोन हजार सालानंतर तो मुंबईहून कधीतरी काळ्या पानाची एखादी आणायचा आणि मग मी ती नदीच्या घाटावर, खालच्या पायरीवर बसून ओढायचो.

एकदा मामा शेजारी येऊन बसले. म्हातारे झाले होते.

"दाव की मला बी, कसली विडी हाय ती."

मी दिली. त्यांनी दोन झुरके ओढले, खोकले आणि परत केली.

"ह्यापरीस आमची तंबाखू बरी," म्हणाले. "आन एवढ्यासाठी तू चार दीस जेवला न्हवतास?"

ते हसत होते. मीही हसलो. पण सिगारच्या टोकावरची राख इंचभर वाढली होती आणि माझं लक्ष तिच्याकडं होतं. मी ती अजून निम्मी शिल्लक असतानाच पाण्यात बुडवली.