तोमिए आंटी आणि चुगलखोर बाटली

होनोलुलूच्या कलिही भागात तोमिए मियासातोचं टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान आहे. तिथे ‘संपला’ म्हटलं की संपला. फडक्याखाली एखादी वडी झाकून ठेवायची, ओळखीचं कुणी आलं की हळूच द्यायची, असले धंदे नाहीत. एकदा बौद्ध देवळातले भिक्षू स्वतः आले, तर त्यांनाही तिने हात हलवत परत पाठवलं. वर सुनावलं, “जरा लवकर उठत जा.” अख्खी कलिही तिला आंटी म्हणते, तिच्याहून म्हाताऱ्या बायकासुद्धा. तोंडाची फाटकी, पण शब्दाची पक्की. तोमिए आंटी खोटं बोलली असं कुणाला म्हणायचं असेल, तर त्याने आधी तोंड धुऊन यावं.

आणि अशा बाईला एका बाटलीने खोटं पाडलं.

झालं काय, विद्यापीठाची नर्स नोएलानी देवळात आली. सोयाबीन खाल्लं की उतारवयात बायकांची हाडं टिकतात का, ते तपासायचं होतं. वर्षभर अर्ध्या बायकांनी रोज सोयाबीन खायचं, अर्ध्यांनी शिवायचंसुद्धा नाही. मधूनमधून रक्त द्यायचं, आणि एक अख्खा दिवस लघवी तपकिरी बाटलीत साठवून द्यायची. बायका लाजून एकमेकींच्या मागे लपायला लागल्या.

“लघवीच मागतेय ना, किडनी नाही मागत!” आंटी ओरडली. “चला, नावं द्या.”

दिली सगळ्यांनी. मग चिठ्ठ्या काढल्या आणि आंटीच्या वाट्याला आलं सोयाबीन बंद. देऊळभर हशा पिकला.

“टोफूवालीलाच टोफूबंदी!” मासेवाली मिसाए डोळे पुसत म्हणाली. “आठवडाभर टिकलीस तरी खूप.”

“वर्षभर टिकते. सगळ्यांसमोर सांगते, कण खाणार नाही.”

आणि खरंच सोडलं तिने. टोफू बंद, सूपात घालायचं आंबवलेलं सोयाबीन, मिसो, तेही बंद. भात, मासे, डब्यातलं मांस आणि मॅकरोनीचं सॅलड, एवढ्यावर आली. दुकानात दिवसभर टोफू कापायची आणि घरी अंड्याकडे बघून उसासे टाकायची.

पहिल्या बाटलीचा निकाल घेऊन नोएलानी दुकानात आली. आंटीला कोपऱ्यात नेऊन हळू आवाजात म्हणाली, “आंटी, सोयाबीन सापडलंय. खाल्लं की त्यातली द्रव्यं रक्तात जातात आणि मग लघवीत उतरतात. बाटलीला कळतं.”

“बाटलीला काय कळतंय!”

मिसाए तेव्हा गिऱ्हाईक म्हणून उभी होती, आणि तिचे कान म्हणजे काय विचारता. संध्याकाळपर्यंत सगळ्या देवळाला कळलं.

आंटीने आधी नवऱ्याला धरलं. सेइकिची साधा माणूस, दिवसभरात चार शब्द बोलला तर त्याला दम लागतो.

“माझ्या सूपमध्ये मिसो घातलंस तू?”

“मला सूप करता येत नाही,” सेइकिची म्हणाला.

ते खरंच होतं. मग पावावर संशय गेला. त्यात सोयाबीनचं पीठ निघालं. फेकला पाव. भांडी घासून घासून पातळ केली. पुढची बाटली दिली, तर त्यातही सोयाबीन!

“आंटी, अजून एकदा असं आलं तर नाव काढावं लागेल,” नोएलानी म्हणाली. “मी रागावले नाही हं.”

“रागव ना! ही असली गरीब गाईसारखी बघू नकोस!”

“झोपेत उठून खात असशील,” मिसाए म्हणाली.

जिने भिक्षूंना ऐकवलं, ती बाई त्या आठवड्यात देवळातही गेली नाही.

पुढच्या खेपेला नोएलानी सकाळीच रिकामी बाटली द्यायला आली. कढईत सोयाबीनचं दूध उकळत होतं. सेइकिची ढवळत होता, मिसाए टोफूसाठी डबा घेऊन उभी होती.

“ऐक पोरी,” आंटी म्हणाली, “बापाची शपथ घेऊन सांगते, सोयाबीनचा एक कण,” इथे तिने पळी उचलली, कढईत बुडवली, फुंकर मारली, भुरका मारला, जीभ टाळ्याला लावली, “अजून कच्चट आहे, सेइकिची, ढवळ. तर एक कण माझ्या तोंडात गेलेला नाही!”

नोएलानी आणि मिसाए तिच्याकडे बघायला लागल्या. सेइकिचीने मान आणखी खाली घातली.

“काय झालं? माझ्याकडे काय बघताय?”

“आंटी,” नोएलानी म्हणाली, “आत्ता तोंडात काय गेलं?”

“कुठे काय गेलं?”

“पळीतलं.”

“ते खाणं नाही. ते काम आहे.”

“दिवसभरात अशा किती पळ्या होतात?”

“मोजतंय कोण?”

“चांगलं वाडगंभर होत असेल,” मिसाए म्हणाली, आणि पोट धरून खाली बसली.

आंटी सोयाबीनच्या पोत्यावर बसली. बापाने शिकवलं होतं, दूध तयार झालं हे जिभेला कळल्याशिवाय ते नासवायचं खारं पाणी ओतायचं नाही. तेव्हापासून ती चाखत आलेली. श्वास घेतो तशी.

“आता तुम्हाला कुणी खोटं म्हणणार नाही,” नोएलानी म्हणाली. “हवं तर ही तपासणी सोडून द्या.”

“वर्ष म्हटलंय मी.”

दुसऱ्या दिवशी ती तोंडाला मास्क बांधून उभी राहिली आणि अंदाजाने पाणी ओतलं. टोफू भुसभुशीत झाला. तिने सगळा ओतून दिला, दारावर ‘संपला’ लावलं, दुसरं दूध चढवलं आणि पळी नवऱ्याच्या हातात दिली.

“चाख. कसं लागतंय?”

“गरम.”

“ते मलाही दिसतंय! चव सांग.”

“बरी आहे.”

“एवढी वर्षं माझा टोफू खातोस आणि ‘बरी’?”

सेइकिचीने डोळे मिटले, पुन्हा चाखलं. थोडं ढवळून आणखी एकदा चाखलं. “मघाशी ओल्या शेंगेसारखा हिरवा वास होता,” तो म्हणाला. “आता गेला. मागे थोडं गोड राहतंय.”

लग्नानंतर एका दमात इतकं तो पहिल्यांदाच बोलला असेल. आंटीने त्याच्याकडे नीट बघितलं आणि पाणी ओतलं.

वडी मस्त बसली. मिसाएने तिथेच तुकडा मोडून खाल्ला. “रोजच्यापेक्षा मऊ आहे गं.”

“पैसे ठेव आणि चालू लाग.”

पुढच्या निकालाला नोएलानी दारातूनच मोठ्याने ओरडली, रस्त्यापलीकडे मिसाएला ऐकू जावं म्हणून. “आंटी, बाटलीत काही नाही!”

“नव्हतंच!” आंटी त्याहून मोठ्याने ओरडली आणि वळून बघते तर सेइकिची त्याच कढईतून आणखी एक पळी भरून घेतोय.

“अरे, चाखतोयस का पितोयस?”

त्याने शांतपणे भुरका मारला. “काम आहे,” तो म्हणाला.