उत्तरांसकट पानिपत

मनमाड सोडल्यावर मी खुराना साहेबांचं पाकीट उघडलं, आणि तिथून दिल्लीपर्यंत माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

पाकिटात माझ्याच पुस्तकाची छापायला तयार असलेली हिंदी प्रत होती. पुस्तक म्हणजे खरं तर खेळ. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं. आपल्या माणसाने काय करायचं ते आपण ठरवायचं. जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा सांगतो. विलायतेत असे खेळ छापणाऱ्या कंपन्या आहेत. आपल्या देशाने बाजाराची दारं उघडल्यावर त्यातल्या एकीला इथली मुलं दिसली, आणि दिल्लीत एक जोडीदार गाठून ती इकडे आली. पुण्यात आम्ही मित्रमंडळी रविवारी खेळायचो तो माझा खेळ त्यांना पसंत पडला. पानिपत हरल्यानंतरची गोष्ट आहे ती. एक आचारी, एक कासारीण, एक भिस्ती आणि एक कारकून कडाक्याच्या थंडीत पायी दक्षिणेकडे निघालेत. घरी पोचायचं, एवढंच. कसं, ते खेळणाऱ्यांनी बघायचं. दोन वर्षं घातली होती मी त्यात.

दिल्लीचा जोडीदार म्हणजे हे खुराना साहेब. त्यांचा पिढीजात धंदा शाळेच्या कुंज्या (आपण गाइड म्हणतो ती) छापण्याचा. त्यांनी माझ्या खेळाचीही कुंजी करून टाकली होती. प्रत्येक प्रसंगाखाली प्रश्न, आणि पुस्तकाच्या शेवटी आदर्श उत्तरं, गुणांसकट. 'जखमी घोडेस्वाराला सोबत न्यावे काय? नाही. गटाचा वेग कमी होईल. दोन गुण.'

ग्वाल्हेर गेलं, मथुरा गेली. माझी माणसं ज्या वाटेने जीव मुठीत धरून खाली येतात, त्याच वाटेने मी चहा पीत वर चालले होते. समोरच्या बाईंनी विचारलं, "बरं वाटत नाहीये का तुम्हाला?" मी म्हटलं, "बरं आहे, फक्त चिडलेय."

निजामुद्दीनहून धौला कुआँ, आणि तिथून बसमध्ये उभ्याने गुडगाव. मैत्रीण माधवी नवऱ्याच्या नोकरीपायी तिथे राहायला गेली होती, आणि तिच्याच सोसायटीच्या क्लबहाउसात दुसऱ्या दिवशी खुराना साहेबांनी खेळाचं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. ऑटोवाल्याने मला मोहरीच्या शेताशी उतरवलं. मी त्याला सोसायटीच्या माहितीपत्रकातला रुंद रस्ता दाखवला.

"मॅडम, ये सड़क काग़ज़ पे बनी है. ज़मीन पे अभी नहीं आई," तो म्हणाला आणि निघून गेला. बॅग डोक्यावर घेऊन मी बांधावरून चालत गेले. पलीकडे बारा मजली इमारती नुसत्याच उभ्या होत्या, आणि त्यांच्या सावलीत एक म्हातारा निवांत हुक्का ओढत बसला होता. त्याला विचारलं, तर त्याने नुसतं वर बोट दाखवलं.

माधवीने दडप्या पोह्यांनी स्वागत केलं, वरून नारळ नाही म्हणून माफीही मागितली. तिची मुलगी इरा अकरा वर्षांची. दिल्लीतच वाढलेली, त्यामुळे मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत घसरणारी.

"काळजी करू नकोस," माधवी म्हणाली. "खुराना साहेबांनी मुलांना नमुन्याच्या प्रती आधीच वाटल्यात. दोन दिवस पाठ करून घेतलंय मी तिच्याकडून. एकही उत्तर चुकणार नाही."

"माधवी, हा खेळ आहे गं."

"हो ना, पण सगळ्यांची मुलं असणार तिथे. बिल्कुल अडखळायला नको." माझ्याच मैत्रिणीवर खेकसायचं मी कसंबसं टाळलं.

सकाळी क्लबहाउसात आठ मुलं रांगेत बसलेली, मागे आया. खुराना साहेबांनी समोसे आणि फुलांचे गुच्छ आणले होते. लंडनहून आलेला कंपनीचा मार्टिन हसतमुख होता. आदल्या दिवशी त्याला पानिपत दाखवून आणलं होतं, आणि तिथून त्याने चार चादरी घेतल्या होत्या. मी त्याच्यापुढे उत्तरांची पानं धरली. तो म्हणाला, प्रत्येक देशात आम्ही तिथल्या जोडीदाराचं ऐकतो; बाजार त्याला कळतो. खुराना साहेबांनी मान डोलावली. "मॅडम, बिना उत्तर की किताब माँ-बाप के किस काम की?"

मी गोष्ट सुरू केली. यमुनेवर धुकं आहे, उतार सापडत नाही. मागून कुणीतरी कण्हत हाक मारतं. एक जखमी घोडेस्वार म्हणतो, मलाही न्या.

आठही हात वर गेले. "नहीं ले जाएँगे! गति कम होगी!" एका सुरात. आयांनी टाळ्या वाजवल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले, आठही मुलांच्या हातातली पुस्तकं काढून घेतली आणि खिडकीत नेऊन आपटली. "आता सांगा."

एक मुलगा आईकडे बघायला लागला. इरा हळूच म्हणाली, "मावशी, पण उत्तर लिहिलंय ना."

"गोष्ट मी लिहिली आहे. मी उत्तर लिहिलेलं नाही."

तिने टेबलावरचा फासा उचलला. मग म्हणाली, "त्याला लागलंय कुठे?"

"मांडीला."

"आणि त्याचं घर?"

"साताऱ्याकडे."

"घोडा त्याचाच आहे?" तिने मुलांकडे वळून हिंदीत वाद घालायला सुरुवात केली. "उसको छोड़ेंगे और घोड़ा ले लेंगे? ये तो चोरी हुई यार! आचारी का सामान घोड़े पे रखो, ये भी बैठेगा." दुसरी मुलगी म्हणाली, घोडा खिंकाळला तर सगळे पकडले जातील. तिसरा म्हणाला, तोंड बांधू. सगळे एकदम बोलायला लागले. शेवटी इराने फासा टाकला. तीनच पडले. घोडा खिंकाळला, आणि पलीकडच्या तीरावर मशाली हलायला लागल्या. मुलं किंचाळली आणि टेबलावर अक्षरशः चढली. त्या दहा मिनिटांसाठी मी दोन वर्षं खर्ची घातली होती.

आणि खुराना साहेब टाळ्या वाजवत उभे राहिले. "बहुत बढ़िया! अगले संस्करण में ये उत्तर भी डाल देंगे."

छापायच्या परवानगीच्या कागदावर माझी सही बाकी होती. मी तो कागद मार्टिनसमोर फाडला. त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी ओरडून सांगितलं की तुमची उत्तरं तुम्ही खुशाल छापा, माझी गोष्ट त्यात असणार नाही. माधवीने मला दंडाला धरून बाहेर आणलं. "मुलांसमोर काय तमाशा हा! मला इथे राहायचंय अजून," ती म्हणाली. तिचंही खरंच होतं. संध्याकाळी ती स्टेशनपर्यंत सोडायला आली, पण बोलली नाही.

परतीच्या गाडीत राग उतरला नाही, फक्त त्याने दिशा बदलली. मार्टिन आणि खुराना यांना दुसरी गोष्ट मिळेल. मी बाणेदारपणा दाखवून घरी चालले होते, आणि पलीकडे मशाली दिसत असताना आठ मुलांना नदीकाठी तशीच सोडून आले होते. पुढचं त्यांना कोण सांगणार होतं? मला स्वतःचीच चीड आली.

पुण्यात पोचल्यावर मी मूळ मराठी गोष्ट पहिल्यापासून हाताने उतरवून काढली, वीस बाजूंचा एक फासा सोबत ठेवला आणि इराच्या नावाने पाठवली.

महिन्याभराने माधवीचं आंतर्देशीय पत्र आलं. अबोला संपला होता. सगळ्यांची खुशाली, थंडी, नळाला पाणी नाही. शेवटी लिहिलं होतं: 'पानं मिळाली. मुलं रोज खेळतात. उत्तरांची पानं तेवढी टाकायची राहिलेली दिसतात, सवडीने पाठव.'

त्याखाली, घडीच्या कडेला, पेन्सिलीने घाईघाईत:

'मावशी, उत्तर नका भेजू. घोडेस्वार अजून जिंदा आहे.'