आंबिलाचं बिंदगं

येळवशीला, मार्गशीर्ष अमावास्येच्या शेतपूजेला, आंबिलाचं बिंदगं, ती छोटी घागर, डोक्यावर घेऊन शेतात जायचा मान शिवकन्याच्या घरी थोरल्या सुनेचा. निलंग्याच्या पुढं, काळ्या रानातून गाडीवाटेनं अर्धा कोस, अनवाणी. मधे कुठं टेकवायचं नाही, ही सासूची रीत. सासू गेली, रीत राहिली.

लातुरात आमची दारं समोरासमोर, म्हणून येळवशीला ती मलाही ओढून नेते. गेल्या साली सकाळी धुकं इतकं, की ज्वारीचे नुसते शेंडे तरंगत होते आणि आम्ही पाण्याखालून चालल्यासारख्या चाललो होतो. निम्म्या वाटेत शिवकन्या थांबली. छातीचा भाता झालेला.

"नागे, धर."

धाकटी जाऊ नागाबाईनं बिंदगं घेतलं आणि बोललीच, "वैनी, उपास तर तुमचे लई, आन् आंग कसं वाढून राहिलं?"

सगळे हसले. शिवकन्याही हसली, पण पुढची वाट तिनं मान खाली घालून काढली. मलाही वर बघवेना. सोमवार धर, गुरुवार धर, दोन्ही एकादश्या धर, देव पावेल आणि अंगही उतरेल, हे तिला मीच सांगितलेलं. वर्षात ती अकरा किलो वाढली होती.

पुढं महाशिवरात्रीच्या आधीचा सोमवार. दुपारी ताक द्यायला गेले, तर ती चटईवर झोपलेली. उशाशी उपवासाच्या चिवड्याचे, वेफर्सचे तीन रिकामे पुडे. खिडकीतलं ऊन त्यांच्या आतल्या चांदीवर पडून छतावर पाण्यासारखं हलत होतं. मी त्याकडं बघत किती वेळ उभी राहिले कोण जाणे. मग तिला जाग आली.

"माय, सपान पडलं. सासूबाई शेतात, येळवशीच्या कोपीत बसून वाढायल्या. मी खाऊन राहिले, खाऊन राहिले. त्या इचारायल्या, पोट भरलं का गं? आन् मला सांगताच येईना."

"हे तीन पुडे कुणी खाल्ले?"

"मीच की. उपासाचंच हाय, वर लिवलंय बघ. तोंडात टाकलं की इरघळतंय. खाल्लं असं वाटतच न्हाई, मग दुसरा फोडते."

घरी येऊन मी वही उघडली. रोज देवाला काय दाखवलं, ते मी लिहिते. शिवकन्याही नैवेद्याशिवाय घास घेत नाही, चहासुद्धा आधी देवापुढं. पुडा मात्र माझ्या वहीच्या एकाही पानावर नव्हता. कपाटात माझ्याही घरी दोन होते.

परत गेले आणि विचारलं, "देवाला दाखवले होते का गं हे?"

"पुडा कसा दाखवावा देवाला? ते काय जेवन हाय?" एवढं बोलली आणि रिकाम्या पुड्यांकडं बघत राहिली.

मग आम्ही ठरवलं. पुडा खायचा तर खावा, पण ताटलीत काढून, तुळशीचं पान ठेवून, देवापुढं डोळे मिटून बसावं, मग घ्यावा. पहिल्याच दिवशी तिनं डोळे मिटले, तर तेलाचा वास आला. "देवाम्होरं कसंतरीच वाटतंय गं," म्हणाली. त्यापेक्षा भगर आणि शेंगदाण्याची आमटी सोपी वाटायला लागली. सोपी म्हणजे काय, चार वाजले की तिचा हात आपोआप कपाटाकडं जायचा. ज्येष्ठात एका लग्नघरी तिनं बसल्या बसल्या दोन पुडे संपवले आणि येऊन माझ्यापाशी रडली. दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरबाई म्हणाल्या, "चावावंच लागत नाही, म्हणून पोटाला कळायच्या आत पुडा संपतो. भाकरी चावता चावता पोट बोलायला लागतं." दिवाळीपर्यंत सात किलो उतरले.

यंदाही धुकं होतं. निम्म्या वाटेत, त्याच बाभळीपाशी, तिची पावलं मंदावली. नागाबाईनं हात पुढं केले, "द्या वैनी."

डोक्यावर बिंदगं, मान हलवता येईना. नुसतं "उंहूं" म्हणाली. बिंदग्यातलं आंबील डुचमळत होतं. मी मागून चालत नामस्मरण करत होते, कुणासाठी ते देवाला ठाऊक. पूजेसाठी उभारलेली कडब्याची कोप आली तेव्हा वैजनाथभावजींनी, तिच्या मालकांनी, बिंदगं उतरवून घेतलं. ती कडब्याला टेकून हसत होती, कपाळावरून घाम गळत होता.

पूजा झाली. देवाला दाखवून झालं. सगळ्या भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीची भाकरी, आंबील. नागाबाई पळी घेऊन परत आली, "घ्या की वैनी, आज कुठला उपास?"

शिवकन्यानं ताटावर आडवा हात धरला.

"भरलं," ती म्हणाली. नागाबाईकडं नाही, कोपीच्या आत, जिथं कुणीच बसलेलं नव्हतं, तिकडं बघून.